गाडीला आवतन

पोळा जवळ आला की मला आमच्या पिकपच्या तोंडाकडे बघवत नाही. एरवी वर्षभर बघतो. पहाटे वांगी-टमाटे भरताना बघतो, वाशीमच्या भाजीबाजारात मागे-पुढे घेताना बघतो, काही वाटत नाही. पण श्रावण सरत आला की ऊनच वेगळं पडतं. सकाळी एक सर येऊन जाते, झाडंझुडपं धुऊन निघतात आणि मग असं लख्ख उघडतं की जे जे म्हणून जुनं झालंय ते सगळं चव्हाट्यावर येतं. पत्र्याचा गंज दिसतो, दाराचा उडालेला रंग दिसतो, आपल्या दाढीतले पांढरे दिसतात. आणि आमच्या गाडीचा बंपर दिसतो.

हा बंपर घेतला तेव्हा काळाभोर होता. म्हणजे गाडी जुनीच घेतली होती, पण आधीच्या मालकानं जपलेली. पुढचा बंपर, चाकांवरच्या कमानी, दारावरची लांब पट्टी, आरशांच्या टोप्या, सगळं काळं प्लास्टिक. रंग दिलेलं नसतं ते, अंगचंच काळं असतं, आणि हातानं चाचपलं तर बारीक खरबरीत लागतं. आमच्याकडच्या उन्हानं त्याच्या अंगातलं तेल पिऊन टाकलं. आधी ते मळकट झालं, मग राखुंडी, मग हिवाळ्यात लेकरांच्या कोपरांवर पांढरं फुटतं तसं त्याच्यावर पांढरं फुटलं. बाकी गाडी धडधाकट. इंजिन म्हणाल तर एका हाकेला उठतं. पण माणूस गाडी ओळखतो तोंडावरून, आणि तोंडच असं झालं की गाडीही म्हातारी आणि गाडीवालाही.

मी काही कमी उपाय केले नाहीत. कुणी म्हणालं, डिझेलचा बोळा फिरव. फिरवला. दोन दिवस असा चमकला की मीच वळून वळून बघत होतो, तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखा. कुणी म्हणालं, इंजिनातलं जळकं ऑइल लाव. तेही लावलं. काळा झाला खरा, पण शेताच्या रस्त्याची सगळी धूळ त्यानं अंगावर घेतली, आणि माल उतरवताना सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचं गाठोडं मी त्याच बंपरला टेकवून ठेवलं. एक बाई आल्या, जुडी उचलली, नाकाशी धरली आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, हा सांभार वावरात लावला होता का पेट्रोल पंपावर?" आजूबाजूचे भाजीवाले खो खो हसले. मीही हसलो. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या त्या घरी येईपर्यंत निवल्या नाहीत.

आता कुणी म्हणेल, दिनकरभाऊ, एवढ्याशा प्लास्टिकची एवढी लाज कायले? मालाची गाडी ती, तिच्यात काय नवरदेव बसवायचा आहे? खरं आहे. लाज प्लास्टिकची नव्हतीच. ती कशाची होती हे सांगायला मला पोळ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

आमच्या घरी बैलजोडी होती, राजा आणि बांड्या. राजा पांढरा, समजूतदार. बांड्या तोंडावर ठिपके असलेला, चाटका. उभा राहिला की शेजारी जे असेल ते चाटायचा, खुटा, भिंत, माझा खांदा. लम्पीच्या साथीत राजा गेला. एकट्या बैलाचं काय करायचं? जोडीतला एक गेला की दुसऱ्याचा अर्धा बैल होतो. माझ्या चुलतभावाकडे, गजाननकडे, एक बैल एकटाच होता. त्यानं मागितला, मी दिला. घरची भिंत एकच. भिंतीच्या अलीकडे माझा बैलांचा कोठा, पलीकडे त्याचा. बांड्या अलीकडून पलीकडे गेला एवढंच. त्या साली नांगरटीला ट्रॅक्टर सांगितला आणि भाजी न्यायला ही पिकप आणली.

लोक विचारायचे, "काहो, जोडी कवा घेता?"

"अवंदा घेतोच," मी म्हणायचो.

हे "अवंदा" मोठं सोयीचं. दर साली म्हणता येतं. आणि बोलणं खरं दिसावं म्हणून मी कोठा तसाच ठेवला. गव्हाण झाडून, खुटे पक्के करून, दावी आढ्याला गुंडाळून. पाहुणा आला की त्याला कोठा दिसला पाहिजे, म्हणजे त्याच्या मनात येईल की जोडी आजउद्या येणारच आहे. बागाईतदाराच्या दारात बैल नाही हे आमच्याकडे कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही. नुसते कोठ्याकडे बघतात आणि मग पावसापाण्याचं बोलायला लागतात. ते बघणं मला सोसायचं नाही.

पहिल्या बिनबैलाच्या पोळ्याची आदली संध्याकाळ मला अजून दिसते. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात, त्यांच्यावर तूप आणि हळद पळसाच्या पानानं चोळायची, आणि चोळता चोळता बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाकीच्या वर्षाला बैल चाकर, पण पोळ्याला पाहुणा. आणि पाहुण्याला आवतन हे तोंडानंच द्यावं लागतं, मनातल्या मनात दिलेलं चालत नाही.

मी ओसरीवर बसलो होतो. भिंतीपलीकडे गजानन बांड्याच्या खांद्याला तूप लावत होता, त्याचं आवतन ऐकू येत होतं. तेवढ्यात माय घरातून वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत तूप, हळद, हातात पळसाची पानं. तिचे पाय सवयीनं कोठ्याकडे वळले आणि दारात थबकले.

मी म्हणालो, "माय, कोनाचा खांदा शेकतं आता? चाल घरात."

ती वळली, आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीपाशी गेली. बॉनेटवर हात फिरवला, दारावर फिरवला.

"हिचा खांदा कोनता रे?"

"माय, लोक पाह्यतीन."

"पाह्यतीन तं पाह्यतीन. सालभर वझं कोनं वाह्यलं? म्या का तुवा? खांदा कोनता ते सांग."

मी म्हणालो की इंजिन पुढे असतं, जोर तिथूनच येतो. तिला तेवढं पुरलं. ती बंपरसमोर खाली बसली आणि पळसाच्या पानानं तूप चोळायला लागली. आणि बघतो तर काय, जिथं तिचं पान फिरत होतं तिथं ते पांढरं फुटलेलं प्लास्टिक काळं होत होतं. काळं म्हणजे घेतलं होतं तेव्हासारखं काळं.

"पाह्य," ती म्हणाली, "तान लागली होती तिले."

मग तिनं बंपरला तोंड लावून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रस्त्यानं दोघंतिघं जात होती, थांबली, हसली. मला वाटलं धरणी दुभंगावी. मायची लाज वाटली, गाडीची वाटली, आणि मायची लाज वाटली याची सगळ्यात जास्त वाटली.

सकाळी उठलो तर बंपरवर धूळ बसलेली, मुंग्यांची रांग लागलेली आणि हळद अशी पिवळीजर्द की दुरून दिसावी. मी भांड्याची पावडर आणि कपड्याचा ब्रश घेऊन घासत सुटलो. तूप गेलं, मुंग्या गेल्या. हळद जाईना. खरबरीत प्लास्टिकच्या बारीक बारीक खाचांमध्ये ती बसली ती बसलीच. मी घासतोय, घासतोय, आणि मागून माय म्हणाली, "धुतलं ते बरं केलं. पाहुन्यानं आंघोळ करूनच जाव." आणि वाटीतलं उरलेलं तूप घेऊन पुन्हा चोळायला बसली.

मी म्हणालो, "आता पुरे. तोरनात नाही नेत मी हे."

"आवतन देल्लं हाय," ती म्हणाली. "आवतन देल्लेला उपाशी राह्यला तं मी कशी जेवू?"

आणि ती खरंच जेवली नसती. आमच्या मायचा उपास म्हणजे बोलून दाखवायचा नसतो, करायचा असतो. बायकोनं माझ्याकडे बघितलं. पुरणाचा वास घरभर सुटला होता. मी चावी घेतली.

पारापाशी बांधलेल्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली गावचे बैल रांगेनं उभे होते. झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळा. मी गाडी रांगेच्या शेवटी, पारापासून लांब, भिंतीला जवळजवळ चिकटवून उभी केली आणि स्वतः गाडीच्या मागे उभा राहिलो, जणू काही गाडी कुणा दुसऱ्याचीच. पण गावात लपून काय होतं? झडत्या सुरू झाल्या, एकेकानं पुढे होऊन म्हणायच्या टवाळ ओळी. एकानं बैलाची तारीफ केली, दुसऱ्यानं सावकाराची टर उडवली, आणि तिसरा पुढे होऊन माझ्याकडे हात करून म्हणाला,

"कोनाच्या पाठीवर झूल, कोनाच्या शिंगावर फूल,
दिनकरभाऊचा बैल लय भारी, डिजल पेते टाकी फुल!"

हास्याचा असा भडका उडाला की बैलसुद्धा बुजले. वाईट मनानं कुणी हसलं नव्हतं. झडती ही अंगाला लावून घ्यायची नसते, पोळ्याला कुणाचीही टोपी उडते. पण आपल्याला ठाऊक असतं ना, की लोक ज्यावर हसतात त्याच्या खाली काय आहे. मी मान खाली घालून टायर तपासायला लागलो. हवा बरोबर होती.

तोरण तुटलं, बैल सुटले. गजानन त्याची जोडी घेऊन माझ्या गाडीजवळून चालला होता. गाडीपाशी आल्यावर बांड्या थांबला. नाक पुढे केलं, बंपर हुंगला. आणि चाटायला लागला. अगदी मन लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जशी त्याची सवय. तुपाचा वास होता म्हणून म्हणा. पण ते तूप मायच्या हातचं होतं, आणि जन्मभर त्यानं तेच खांद्यावर घेतलं होतं. गजाननला काय करावं कळेना. त्यानं येसण ओढली, "ये बांड्या, चाल," म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वासानं चाटून राह्यला रे तो, दुसरं काई नाही." जसा काही त्यानं माझा बैल चोरून आणला होता आणि आता तो उघडा पडला होता.

मी बांड्याच्या कपाळावर हात ठेवला. राजा गेल्यापासून पहिल्यांदा. भिंतीपलीकडे बांधलेला बैल, रात्री त्याचं रवंथ ऐकू यायचं, आणि मी त्याच्यासमोर जायला लाजत होतो. देऊन टाकलेल्या बैलासमोर काय तोंड घेऊन जायचं, असं वाटायचं. त्याला काही नव्हतं त्याचं. तो चाटून मोकळा झाला. त्याची जीभ जिथं जिथं फिरली तिथं तूप गेलं आणि पुन्हा ते राखुंडी उघडं पडलं. हळद मात्र त्यालाही निघाली नाही.

तेव्हापासून दर पोळ्याला हेच. आदल्या संध्याकाळी माय वाटी घेऊन येते, मी दुसरीकडे बघतो, ती चोळते, ती बोलते. दुसऱ्या दिवशी गाडी रांगेच्या शेवटी. लोकांना सवय झाली. आता कुणी हसतही नाही, उलट गाडी दिसली नाही तर विचारतील. सवय झाली नाही ती मलाच. आवतनाच्या वेळी मी न चुकता पंपाची मोटार बघायला विहिरीवर जायचो.

या साली माय खाटेवर आहे. उन्हाळ्यात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. आता ती ओसरीवरच्या खाटेवरून सगळं घर चालवते, पण खाली बसणं, बंपरपर्यंत वाकणं तिच्यानं होत नाही. मला वाटलं, चला, सुटलो. मग त्या वाटण्याचीच लाज वाटली. आणि मनाशी ठरवलं की या वर्षी गाडीचं तोंड तरी नीट करायचं, कायमचं. वाशीमला गाड्या सजवण्याच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदारानं गाडी बाहेर येऊन बघितली, बंपरवर नख ओढलं, नखाला पांढरी पूड लागली.

"होते काळं," तो म्हणाला आणि एक बाटली काढून दिली. "पन काका, हे लावून गाडी उन्हातच ठेवली तं फायदा नाही. घरी सावली नाही काय? शेड, कोठा, काही?"

"नाही," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. बाटली घेतली आणि गाडीत बसलो. वाटेत वाहनांची ये-जा चालू होती, पावसानं हिरवीगार झालेली सोयाबीनची वावरं दोन्ही बाजूंना, आणि माझ्या डोक्यात ते "नाही" वाजत होतं. घरी कोठा नाही? अरे, झाडूनपुसून ठेवलेला कोठा आहे. बैल नाहीत, आणि जोडी मी घेणार नाही हे मला राजा गेला त्याच हप्त्यात कळलं होतं. फक्त लोकांना कळू नये म्हणून कोठा रिकामा, आणि कोठा रिकामा ठेवायचा म्हणून गाडी अंगणात, बारा महिने उन्हात. ज्या लाजेपायी मी कोठा राखला त्याच लाजेपायी गाडीचं तोंड पांढरं पडलं होतं. आणि मग त्या पांढऱ्या तोंडाची आणखी लाज. माझ्या बापानं असल्या कारभाराला "गाढवाचं बाशिंग" म्हटलं असतं: शोभेसाठी बांधायचं आणि त्यानंच हसू करून घ्यायचं.

आज खांदशेकणी. दुपारी एक सर येऊन गेली, मग ऊन पडलं. मी गाडी साबणानं धुतली, ब्रशनं खाचा घासल्या, सुकू दिली. बंपरच्या कडेला पत्र्यावर कागदी टेप लावला, रंगावर डाग नको म्हणून. स्पंजवर बाटलीतलं थोडं थोडं ओतून एका दिशेनं पुसत गेलो, आधी बंपर, मग कमानी, मग दाराची पट्टी, शेवटी आरशांच्या टोप्या. थोडं मुरू दिलं, वरचं कोरड्या फडक्यानं काढलं. बघता बघता सगळं काळं झालं. नुसतं काळं नाही, खोल काळं, पावसानं भिजलेल्या आपल्या जमिनीसारखं. उजवीकडे तेवढी एक जागा राहिली, तिथं नीट बघितलं तर काळ्यातून पिवळट झाक दिसते. दोन हात दिले. गेली नाही. मग म्हटलं, राहू दे.

बायकोनं वाटी आणून दिली. तूप, हळद, पळसाचं पान. "आवो, मायनं सांगतलं, तुमीच शेका म्हने."

एवढं काळं केलेलं, त्याच्यावर आता तूप? पण मी वाकलो. खांदा म्हणून जी जागा मायनं ठरवली होती तिथं एक बोट तूप लावलं, पान फिरवलं. इथपर्यंत जमलं. पुढचं जमेना. भिंतीपलीकडे गजानन होता, त्याच्या घुंगुरमाळा वाजत होत्या. रस्त्यानं माणसं येत-जात होती. मी तोंड बंपरजवळ नेलं आणि पुटपुटलो. काय पुटपुटलो ते माझं मला.

ओसरीवरून मायचा आवाज आला. "काय बोल्ला रे?"

"देल्लं आवतन."

"मले नाही आयकू आलं. तिले काय आयकू आलं असन?"

बायको पदर तोंडाला लावून हसली. मी उभा राहिलो, घसा खाकरला. आणि अंगणात, चारचौघांदेखत, छप्पन वर्षांचा बाप्या मी, गाडीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

घुंगुरमाळा थांबल्या. भिंतीवरून गजाननचं डोकं वर आलं. "कोनाले आवतन देऊन राह्यला रे? जोडी आनली का काय?"

इतकी वर्षं जे उत्तर तयार असायचं, ते जिभेवर आलं होतं. अवंदा आनतो. तेवढंच म्हणायचं होतं.

"गाडीले," मी म्हणालो. "जोडी नाही घेत आता मी, गजानन."

त्यानं मान हलवली, जशी माणसं माहीत असलेली गोष्ट ऐकून हलवतात. "बरं," तो म्हणाला. "मंग पाहुना उनात काहून उभा केला?"

मी कोठ्यात गेलो. खुटे हलवून हलवून उपटले, दावी खाली काढली, गव्हाणीतला पाचोळा झटकला. गाडीत बसलो, उलटी घेतली. दार जेमतेम. मागचं काही दिसत नव्हतं, आरशात नुसता अंधार, आणि त्या आरशाची टोपी मात्र नव्यासारखी काळी. हळूहळू मागे सरकत होतो. खाटेवरून मायला गाडी दिसत होती, गव्हाण दिसत होती. मी किती मागे जाणार ते तिनं बघितलं आणि बैलाला घालतात तशी साद घातली.

"होऽऽ, होऽऽ, बस."

मी ब्रेक दाबला.